मुलांचा एकटेपणा ओळखा

वस्तीतला हसरा मुलगा शहरातल्या वसतिगृहात जातो आणि अबोल होतो. तिथे आडनाव विचारले जाते, सवलतीवरून टोमणे बसतात. हळूहळू त्यालाच वाटू लागते, ‘मीच कमी आहे, घरच्यांना ओझे आहे.’ एकटेपणाला असा न्यूनगंड जोडला गेला की जगणे नकोसे वाटू लागते. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत गेलेल्या रोहित वेमुलाने शेवटच्या पत्रात बालपणीच्या एकाकीपणाबद्दल लिहिले होते.

१९१७ साली बडोद्यात जातीमुळे बाबासाहेबांना राहत्या जागेतून हाकलले. त्या आठवणीने डोळे भरून येतात, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. म्हणून ‘भीमाची लेकरे रडत नाहीत’ म्हणत मुलांचे तोंड बंद करू नका.

‘मरावेसे वाटते का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उपदेश न करता ऐका, एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. शासनाच्या ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. आणि रविवारी वंदनेला जो दिसला नाही, त्याच्या घरी जा. मैत्रीभावना ती हीच. जयभीम!