उपग्रहाचा अंदाज आणि विम्याचा हिशेब

भातखाचरात पाच मीटर लांबीरुंदीचा चौकोन आखायचा, त्यातील पीक कापून मळायचे आणि दाणे तोलायचे. पीक विम्यातील नुकसानीचा निवाडा वर्षानुवर्षे या तराजूवर होत आला. आता त्या निवाड्यात यंत्रालाही मत मिळाले आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत खरीप २०२३ पासून ‘येस-टेक’ प्रणाली लागू झाली. भात व गव्हाच्या उत्पादन-अंदाजात तंत्रज्ञानाधारित आकड्याला किमान ३० टक्के भार देण्यात आला. पुढे सोयाबीनचाही समावेश झाला. मध्य प्रदेशाने तर संपूर्ण अंदाज तंत्रज्ञानावर सोपवला आहे. उपग्रह-प्रतिमा, हवामानाच्या नोंदी, पीकवाढीची प्रारूपे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांतून हा आकडा सिद्ध होतो.

त्याचे मोल एका उदाहरणाने कळेल. उंबरठा उत्पादन हेक्टरी ३० क्विंटल आणि विमा संरक्षित रक्कम ४०,००० रुपये धरू. कापणी प्रयोगात २१ क्विंटल भरले, तर तूट ३० टक्के आणि भरपाई १२,००० रुपये. यंत्राचा अंदाज २७ क्विंटल आला, तर ७०:३० भाराने उत्पादन २२.८ क्विंटल ठरते. तूट २४ टक्क्यांवर येते आणि भरपाई ९,६०० रुपये होते. अंदाज उलट दिशेने चुकला, तर हिशेबही उलटतो.

कापणी प्रयोगांतही उशीर आणि वाद होतेच. जुनी पद्धत निर्दोष होती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु तराजूवरील वजन शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर होत असे. प्रारूपाचे तसे नाही. उपग्रहाला प्रामुख्याने पानोरा दिसतो, दाणा नव्हे. खरिपात ढगांमुळे प्रकाशीय प्रतिमा हुकतात; तेथे रडार-प्रतिमा उपयोगी पडते. मात्र लोंबीच्या मानेवर उशिरा करपा आला, तर हिरवेगार दिसलेले पीक पोचट निघू शकते. अशा वेळी अंदाज फुगण्याचा धोका राहतो.

म्हणूनच विस्तार कार्यकर्त्याची नोंद पूर्वीपेक्षा अधिक वजनदार झाली आहे. प्रारूपे शिकतात ती प्रत्यक्ष शेतातील नोंदींवरून. दुसऱ्याच बांधावर उभे राहून टिपलेले स्थान किंवा पेरणीची अंदाजे भरलेली तारीख ही चूक एका शेतापुरती राहत नाही. ती संपूर्ण विमा क्षेत्राच्या आकड्यात उतरू शकते. लोंबी बाहेर पडल्यापासून दाणा भरेपर्यंतच्या काळात रोग, कीड आणि पाण्याचा ताण यांची छायाचित्रांसह तारीखवार नोंद गावातच ठेवली, तर अंदाज आणि खळे यांत अंतर पडल्यास दाखवायला शेतकऱ्याच्या हाती काहीतरी असेल.