अफवेच्या आधीची गर्दी

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत बसून गर्दीच्या गणिताचा विचार करायचा, तर उदाहरणासाठी लांब जावं लागत नाही. शेजारच्या दतिया जिल्ह्यात रतनगड मातेच्या मंदिराकडे जाणाऱ्या सिंध नदीच्या पुलावर १३ ऑक्टोबर २०१३ रोजी चेंगराचेंगरी झाली आणि ११५ जणांचा जीव गेला. दोष गेला अफवेकडे : पूल कोसळतोय अशी आवई उठली म्हणे. २००६ साली इथेच नदी पायी ओलांडणारे भाविक धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले होते. पूल झाला तो त्यानंतर. अफवेला जबाबदार धरणं सोयीचं, कारण तिला नाव-गाव नसतं. पण तीच आवई विरळ गर्दीत उठली असती, तर लोक पळाले असते, काही पडले असते. इतके जीव जायला माणसं आधीच दाटलेली असावी लागतात.

हे दाटणं मोजता येतं. वाटेवरून दर मिनिटाला किती माणसं पार होतील, हे घनता, वेग आणि रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतं. मात्र घनता वाढली की वेग घटतो. त्यामुळे प्रवाह काही काळ वाढतो, शिखर गाठतो आणि मग उतरू लागतो. ब्रिटिश स्टेडियमसाठीच्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं, असा हिशेब धरतात. शिखर ओलांडल्यावर आणखी माणसं आत सोडली की बाहेर पडणारी कमी होतात; मागच्यांना पुढचं दिसत नाही, ते येतच राहतात. चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की धक्का अंगातून अंगात लाटेसारखा जातो आणि कुणाचेच पाय स्वतःच्या ताब्यात राहत नाहीत. अशा ठिकाणी पुष्कळ जण पायदळी न येता, उभ्या-उभ्या गुदमरून मरतात.

माणूस म्हणजे समीकरणातला कण नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पादचाऱ्यांच्या हालचालीसाठी हेल्बिंग आणि मोल्नार यांनी १९९५ साली मांडलेल्या प्रारूपात प्रत्येकाला ध्येय ओढतं, इतर माणसं आणि भिंती दूर ढकलतात. पोराचा हात धरलेली आई त्यात नाही. शिवाय माणसं सगळीकडे सारखी चालत नाहीत. कानपूर आयआयटीचे चट्टराज व चक्रवर्ती आणि जर्मनीचे सायफ्रीड यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्ही देशांतल्या लोकांना एका रांगेत चालवून पाहिलं होतं, तेव्हा दाटीमुळे भारतीयांचा वेग जर्मनांइतका घटला नाही. म्हणजे परदेशी आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, इथे मोजावेत. पण दाटी पुरेशी वाढली की स्वभाव, संस्कृती, शहाणपण यांना वावच उरत नाही. कणाची उपमा सर्वांत खरी ठरते ती नेमकी तिथेच.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा : इतकं गणित असूनही माणसं मरतातच. २००६ साली मक्केजवळच्या मिना इथल्या जमरात पुलापाशी हज यात्रेकरूंची चेंगराचेंगरी झाली; त्यानंतर तो पूल नव्याने, अनेक मजली बांधला गेला, येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या. तरी २०१५ साली मिनातच भीषण चेंगराचेंगरी झाली. फक्त ती पुलावर झाली नाही. पुलाकडे जाणारे दोन रस्ते, २०४ आणि २२३ क्रमांकाचे, जिथे मिळतात तिथे झाली.