पहाटे तीनचा मुहूर्त आणि झोपेचा हिशेब

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्याहून अनेक गाड्या दक्षिणेकडे निघतात. कोणी बेंगळुरूला मुलाकडे, कोणी पुढे म्हैसूर-उटीला. बेत बहुतेक घरांत सारखाच असतो. ‘पहाटे तीनला निघू, ट्रॅफिक लागणार नाही, संध्याकाळपर्यंत पोहोचू. वाटेत हॉटेलवर पैसे कशाला घालवायचे?’ यात ट्रॅफिकचा विचार झालेला असतो, पैशांचाही झालेला असतो. गाडी चालवणाऱ्याच्या झोपेचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

तो मांडून पाहू. पुणे ते बेंगळुरू हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर. घाट, टोलनाके आणि रस्त्याची कामे धरून ताशी सरासरी ६० किलोमीटर पडली, तर नुसते चालवण्याचे १४ तास होतात. नाश्ता, जेवण, चहा, पेट्रोल यांचे आणखी दोन तास. म्हणजे तीनला निघालेली गाडी संध्याकाळी सातला बेंगळुरूच्या ऐन गर्दीत शिरते. चालवणारा आदल्या दिवशी ऑफिस करून, सामान बांधून साडेअकराला आडवा झाला आणि दोनला उठला. अडीच तासांची झोप आणि पुढे १७ तास जागरण.

हा १७ चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी ढासळते. आपल्या मोटार वाहन कायद्यातील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस केवळ जागरणाने ही मर्यादा ओलांडलेल्या चालकासारखा होतो. आदल्या रात्रीची झोपही अपुरी असेल, तर त्याहून वाईट.

चार सेकंदांची डुलकी

दमलेला मेंदू परवानगी मागून झोपत नाही. काही सेकंदांची डुलकी लागते, कधी डोळे उघडे असतानाही, आणि ती लागून गेल्याचे चालवणाऱ्याला कळतही नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. चार सेकंदांत ११० मीटर! एवढे अंतर गाडी कोणीही चालवत नसते. अशा अपघातांत ब्रेक लागलेलाच नसतो, म्हणून इजाही गंभीर होतात.

शरीराच्या घड्याळात झोपेची ओढ दोन वेळा वाढते. पहाटे साधारण दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार. तीनला निघणारी गाडी पहिल्या वेळेत रस्त्यावर असते. दुसऱ्या वेळी ती दावणगेरे-चित्रदुर्गच्या आसपास असते. पोटात जेवण, समोर सरळ रुंद रस्ता आणि मागे सगळे झोपलेले. रस्ता जितका चांगला, तितका मेंदूला उद्योग कमी. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरांवरही हाच धोका आहे. खड्डे नाहीत, सिग्नल नाहीत, म्हणून जागे ठेवणारेही काही नाही.

काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे हे उपाय सगळे करतात. ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठात हे तपासले गेले. गार वारा आणि रेडिओ यांचा परिणाम अगदी थोडा आणि थोडाच वेळ टिकतो. उपयोग झाला तो कॉफीचा आणि १५ मिनिटांच्या डुलकीचा. कॉफीचा असर यायला अर्धा तास लागतो. म्हणून गाडी सुरक्षित जागी लावून आधी कॉफी प्यावी आणि लगेच डोळे मिटावेत. मात्र हा पुढच्या मुक्कामापर्यंत पोहोचण्याचा उपाय आहे, रात्रभर चालवण्याचा परवाना नव्हे.

मुक्काम कुठे करावा?

पुण्याहून हुबळी सुमारे ४३० किलोमीटर, म्हणजे जवळपास निम्मे अंतर. सकाळी सहा-सातला, पुरेशी झोप घेऊन निघाले तर संध्याकाळी अंधार पडण्याआधी हुबळी किंवा धारवाड गाठता येते. सोबत वृद्ध किंवा लहान मुले असतील तर बेळगाव आणि चित्रदुर्ग असे दोन मुक्काम करावेत. खोली आधीच राखून ठेवावी. ती नसली की ‘चला, अजून थोडे पुढे जाऊ’ असे म्हणत रात्रीचे अकरा वाजतात.

व्यावसायिक चालकांसाठी १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती असा नियम होता. रोज चालवणाऱ्यांना ही मर्यादा, तर वर्षातून दोनदा लांब जाणाऱ्याने त्याहून कमीच चालवावे. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबावे आणि सगळ्यांनी गाडीतून उतरून चालावे. चार तासांहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासात पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालात नमूद आहे. विमानच नव्हे, मोटार, बस, रेल्वे सगळ्यांना हे लागू आहे. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, पूर्वी गुठळी झालेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे. लघवीला थांबावे लागेल म्हणून पाणीच न पिणे ही आई-आजींची सवय इथे घातक ठरते.

औषधांची पिशवी

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने ‘पुढच्या हॉटेलात जेवू’ म्हणत जेवण लांबवू नये. चालवण्याआधी साखर तपासावी. ती ९० च्या खाली असेल तर आधी खावे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले तर गाडी लगेच बाजूला घ्यावी आणि साखर किंवा ग्लुकोज घ्यावे. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, बर्फालाही थेट टेकवू नये. औषधांची पिशवी डिकीत नको, हाताशी हवी.

सर्दीची सेटिरिझिन किंवा गाडी लागू नये म्हणून घेतलेली प्रोमेथाझिनची गोळी झोप आणते. मागे बसणाऱ्याला ती चालेल, चालवणाऱ्याला अजिबात नको. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाला झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असू शकतो. त्याने तपासणी झाल्याशिवाय लांबचे स्टिअरिंग हाती घेऊ नये. पुढच्या सीटवरील माणसाने जागे राहणे हेही प्रवासातले काम समजावे. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीचा क्रमांक १०३३ सगळ्यांच्या फोनमध्ये असावा.

शेवटी परतीचे. जाताना मुक्काम करणारी मंडळीही येताना करत नाहीत, कारण सोमवारी कामावर हजर व्हायचे असते. सुट्टीचा थकवा, रविवारची रात्र आणि घराची ओढ हे तिन्ही एकत्र येतात. म्हणून रजेचा अर्ज करतानाच परतीच्या मुक्कामाचा एक दिवस त्यात धरावा.