दहा चौकोन

मळवली स्टेशनवर नवसाची माणसं उतरताना मी लहानपणापासून बघतोय. कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आई. मूल होत नाही म्हणून पायऱ्या चढते ती बाई. नवरा मागून पिशवी सांभाळत येतो. आमच्या घरी दवाखान्याचंही तसंच झालं. चार वर्षांत बायकोच्या सोनोग्राफ्या झाल्या, रक्ततपासण्या झाल्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का बघणारा तो दुखरा एक्स-रेही झाला. माझी तपासणी एकही नाही. मला कुणी सांगितलं नाही हे खरं; मी विचारलं नाही हे जास्त खरं.

शेवटी पुण्यातल्या एका लॅबमध्ये फोन केला. पलीकडच्या ताई सहज म्हणाल्या, "घरून आणणार की इथे देणार? तासाच्या आत टेबलावर पाहिजे." मळवलीहून लोकल शिवाजीनगरला लागेपर्यंतच तास सरतो. म्हणजे तिथेच. आधी दोन ते सात दिवसांचा संयम, मग रुंद तोंडाची डबी, वर नाव आणि वेळ. खोलीत एक खुर्ची, एक बेसिन आणि नीट न लागणारी कडी. लाजेबद्दल एवढंच पुरे.

ताजं वीर्य चिकट, गुठळ्यांचं असतं. शरीराइतक्या उबेत ठेवलं की साधारण अर्ध्या तासात पातळ होतं. मग ताईंनी त्यातला थेंब मॅकलर चेंबरवर ठेवला. तळहातात मावणारी धातूची चकती, वर काचेचं झाकण. दोन्हींमधली फट मिलिमीटरचा शंभरावा भाग. काचेवर बारीक चौकोन आखलेले. ओळीतल्या दहा चौकोनांत जेवढे शुक्राणू, तेवढे दशलक्ष एका मिलिलिटरमध्ये. हिशेब इतका सोपा. डाव्या हातातलं मोजणीयंत्र वाजू लागलं. टक, टक. सहा वेळा वाजलं आणि थांबलं.

साठ लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालची मर्यादा एक कोटी साठ लाख आहे. ती पास-नापासाची रेघ नव्हे. त्याखाली असलेल्यांनाही मुलं होतात. पण तेव्हा मला नापासच वाटलं. "बघायचंय?" त्यांनी विचारलं. मोजणीआधी चाल तपासायला ठेवलेल्या दुसऱ्या काचेवर एक नीट पुढे चालला होता, एक जागीच गोल फिरत होता. बाकीचे निपचित.

एका रिपोर्टवर काही ठरवत नाहीत. दुसराही तसाच आला. डॉक्टरांनी उभं करून तपासलं, खोकायला लावलं. डाव्या बाजूच्या नसा फुगलेल्या. पोटरीवर फुगतात तशा. याला व्हेरिकोसील म्हणतात, आणि अशी दुरुस्त होण्याजोगी कारणं आधी शोधायची असतात. जिममध्ये इंजेक्शनं घेतोस का, हाही प्रश्न झाला. बाहेरून टेस्टोस्टेरॉन गेलं की शरीर शुक्राणू बनवणं जवळजवळ बंद करतं, हे दंड फुगवणाऱ्या पोरांना कोण सांगणार? मी तंबाखूवर पकडला गेलो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे आठ दिवसांत गुण देणारी पुडी ही थाप. लोकलच्या डब्यातल्या 'मर्दानगी'च्या जाहिरातींचाही याच्याशी संबंध नाही. पुरुषत्व उत्तम असून काउंट शून्य असू शकतो.

त्या फुगलेल्या नसांवरच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी यंत्र अकरा वेळा वाजलं. आता आययूआय, म्हणजे धुऊन निवडलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडायचे. नाहीच जमलं तर इक्सी. १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी या पद्धतीने झालेली पहिली बाळं जगापुढे मांडली. एका बीजात सुईने एकच शुक्राणू सोडायचा, कोटींची गरजच नाही. वीर्यात एकही नसला तरी काहींच्या वृषणातून सुईने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतो. तिथेही नसेल तर दात्याचा. २०२१च्या कायद्याप्रमाणे त्याला दोघांची लेखी संमती लागते आणि मूल कायद्याने त्या दोघांचंच असतं.

वर्षभर वाट बघून झाली असेल, बायको पस्तिशीपुढची असेल तर सहाच महिने, तर तिच्यासोबत पहिल्याच दिवशी आपलीही डबी द्या. लॅब जवळ असेल आणि घरून नेणार असाल, तर ती अंगालगतच्या खिशात ठेवा, बर्फात नको. मळवलीकरांनी मात्र तिथेच जाऊन द्यावी.