एक खांब, दोन भागीदार

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरसारख्या समुद्राकाठच्या गावात विजेच्या खांबाला खारा वारा सोसावा लागतो. त्याच खांबावरून टीव्हीची किंवा इंटरनेटची केबल नेली तर? खांब उभा आहेच. मग नवा कशाला? विचार काटकसरीचा आहे, पण आधी थोडा हिशेब करू या.

खांब ही जमिनीत रोवलेली तरफच असते. 8 मीटरचा सिमेंटचा खांब साधारण 1.5 मीटर जमिनीत गाडतात. वारा तारांना ढकलतो तेव्हा जोर गुणिले उंची एवढा ताण खांबाच्या बुडाशी येतो.

ताशी 108 किलोमीटर वेगाचा वारा सपाट पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सुमारे 55 किलो वजनाइतका दाब देतो. गोल तारेवर त्याचा दोनतृतीयांश धरू. दोन खांबांत 50 मीटर अंतर असेल, तर 12 मिलिमीटर जाडीची केबल 0.6 चौरस मीटर वारा अडवते. म्हणजे सुमारे 22 किलो जोर. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो.

आता विजेच्या 8 मिलिमीटर जाडीच्या चार तारा घ्या. त्यांची एकूण जाडी 32 मिलिमीटर, तर तीन केबलींची 36. केबली थोड्या खाली असतात हे धरले, तरी तारांमुळे येणारा ताण जवळजवळ दुप्पट होतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगड भागात असंख्य खांब कोसळले. काही वाऱ्याने, काही झाडे पडून. अशा किनाऱ्यावर जादा ओझे मोजूनमापूनच चढवायला हवे.

दुसरा धोका विजेचा. म्हणून वीजतारा वर आणि संदेशवहनाच्या तारा खाली, मध्ये पुरेसे अंतर, अशी मांडणी करतात. केबल दुरुस्त करणाऱ्याला मग जिवंत तारांपर्यंत चढावे लागत नाही. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी अशा सामाईक खांबावरची टेलिफोनची तार किमान 270 किलो ताण सहन करणारी असावी आणि टेलिफोनला विजेच्या कडकडाटापासून संरक्षण असावे, असे बंधन घातले होते. 2010 मध्ये त्या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली.

यासाठीच करार लागतो. किती केबली, कोणत्या उंचीवर, खांब बदलताना त्या कोणी हलवायच्या, खर्च कोणाचा, हे आधीच ठरलेले हवे. नाहीतर वादळानंतर आडव्या खांबाभोवतीचे जाळे कोणी सोडवायचे यातच वेळ जातो आणि गाव अंधारात राहते.

करारात ग्राहकाचाही वाटा आहे. 2003 च्या वीज कायद्याचे कलम 51 वीज वितरण कंपनीला आपल्या साधनसामग्रीचा इतर व्यवसायासाठी उपयोग करू देते. मात्र त्या उत्पन्नाचा आयोगाने ठरवलेला हिस्सा वीज वाहून नेण्याचा आकार कमी करण्यासाठी वापरावा लागतो. चोरून बांधलेल्या केबलीतून ओझे तेवढे मिळते, उत्पन्न नाही.

विद्यार्थ्यांना शाळेजवळच्या पाच खांबांवरच्या तारा आणि केबली दुरूनच मोजायला सांगा. खांबाला किंवा लोंबणाऱ्या तारेला कोणीही हात लावायचा नाही. मग वरचा हिशेब वर्गात करून पाहा.