शाळेत असतानाच कॉलेजचे श्रेयांक

"सर, मुलगी हुशार आहे. बारावीआधीच पदवीचे थोडे ओझे उतरले तर तेवढी फी वाचेल," असे पालक आम्हा शिक्षकांना विचारतात.

अमेरिकेत ही सोय १९५० च्या दशकापासून आहे. 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' परीक्षेत ५ पैकी ३ वा अधिक गुण पडले तर पुष्कळ कॉलेजे श्रेयांक देतात. किती द्यावेत, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे.

आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय वर्षालाही ४० श्रेयांक दिले. ३० तासांच्या अभ्यासास १. परंतु बारावीची पातळी ४, पदवीच्या पहिल्या वर्षाची ४.५. बारावीचे श्रेयांक ते पदवीचे नव्हेत. (आपल्या हुबळी-धारवाडकडे अकरावी-बारावीला 'पी. यू. कॉलेज' म्हणतात, त्याने घोटाळा वाढतो!)

वाट अगदीच बंद नाही. आयआयटी मद्रासच्या बी.एस. डेटा सायन्सची पात्रता अकरावीची परीक्षा दिल्यावर मिळविता येते. वर्ग मात्र बारावीनंतर. 'स्वयं'वरील पाठ कोणासही विनामूल्य आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेस फी पडते. ते श्रेयांक पुढे धरले जातील काय, हे फी भरण्यापूर्वी त्या कॉलेजच्या कचेरीतून लेखी घ्यावे.