घरातला छोटा सर्व्हर: फोटो, व्हिडिओ आणि सिनेमे आपल्याच कपाटात

हा भाग लोकलमध्ये, बसमध्ये अर्धवट ऐकून "आकडे परत सांग ना" असे मेसेज आले, त्यामुळे हा लेखी अवतार. मधले 'अं' आणि 'म्हणजे कसं' काढलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा विषय होम सर्व्हर. सोप्या भाषेत, घरात चोवीस तास चालू असलेला एक छोटा कम्प्युटर. घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं, व्हिडिओ त्यात राहतात आणि कुठल्याही फोनवर किंवा टीव्हीवर उघडतात. मी कोपरखैरण्यात राहतो, दिवसा कंपनीचे सर्व्हर सांभाळतो, आणि दोन वर्षांपासून घरी एक चालवतोय. इंजिनिअर नसलात तरी चालेल. राउटरचा पासवर्ड बदलता येत असेल, तर यातलं बरंचसं जमेल.

क्लाउड नक्की कुठे असतो?

ठाणे-बेलापूर रोडने जाताना ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जवळजवळ खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती दिसतात. ती डेटा सेंटर्स. पनवेलजवळ योट्टाचं एनएम१ नावाचं अवाढव्य डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झालं. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेट केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, आणि इथे एमआयडीसीची जमीन आणि वीज दोन्ही मिळते, म्हणून ही गर्दी. तर 'क्लाउड' आभाळात नसतो. तो कुणाच्या तरी इमारतीतला कम्प्युटर असतो, आणि त्याचं भाडं व नियम तो मालक ठरवतो.

नियम बदलतात याचं उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलंय. गुगल फोटोज २०१५ मध्ये आलं तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो फुकट आणि अमर्याद ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ते बंद झालं. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट, पुढे दरमहा पैसे. कंपनीने हे आधी जाहीर केलं होतं, धंदा म्हणून ते समजण्यासारखंही आहे. पण ज्यांच्या घरातले दहा वर्षांचे फोटो तिथे होते, त्यांना 'हलवू कुठे?' हा प्रश्न पडलाच.

आणि बऱ्याच घरांमध्ये फोटो क्लाउडवरही नसतात. माझ्या मावशीचा फोन ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत गेला. फोन बारा हजारांचा, तो परत घेता आला. काकांच्या शेवटच्या वर्षातले व्हिडिओ मात्र फक्त त्यातच होते. व्हॉट्सॲपवर इकडेतिकडे पाठवलेले चार-पाच सापडले, तेही दाबून लहान केलेले. सर्व्हरचा खटाटोप कशासाठी, याचं माझं उत्तर हे आहे. सिनेमे बघणं हा वरचा बोनस.

काम तीन, सॉफ्टवेअर तीन

पहिलं काम फाइल ठेवणं. त्यासाठी सांबा. हे १९९२ पासूनचं, विंडोजला घरातलाच एखादा ड्राइव्ह असल्यासारखं दिसतं. दुसरं काम फोनमधले फोटो आपोआप उतरवणं. त्यासाठी इमिच. फोनवर ॲप टाकलं की घरच्या वायफायवर आल्यावर नवे फोटो सर्व्हरवर जातात. चेहरे ओळखण्याचं कामही तुमच्याच मशीनवर होतं, त्यामुळे आजीच्या चेहऱ्यावर टॅप केलं की आजीचे सगळे फोटो समोर. तिसरं काम स्ट्रीमिंग. त्यासाठी जेलीफिन. एंबी नावाच्या सॉफ्टवेअरने आपला कोड खुला ठेवणं थांबवलं, तेव्हा २०१८ च्या डिसेंबरमध्ये त्यातून फुटून जेलीफिन तयार झालं. फोनवर, ब्राउझरवर, अँड्रॉइड टीव्हीवर चालतं आणि पूर्ण फुकट आहे.

या सगळ्याखाली लिनक्स. कमांड टाइप करायची सवय असेल तर डेबियन. नसेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट घ्या, त्यात बहुतेक कामं ब्राउझरमधून होतात. इमिच आणि जेलीफिन डॉकरमध्ये चालवा. डॉकर म्हणजे प्रत्येक ॲपला वेगळा डबा. एकातली आमटी सांडली तरी दुसऱ्यातला भात कोरडा राहतो.

मशीन कुठलं घ्यायचं?

घरात जुना लॅपटॉप पडलाय? तिथूनच सुरू करा. त्याची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना, हे आधी बघा. फुगली असेल तर ती काढूनच वापरा, यात हयगय नको.

रास्पबेरी पाय छान आहे, पण फाइल ठेवण्यापुरता. पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअर नाही, त्यामुळे स्ट्रीमिंगला तो धापा टाकतो. शिवाय मेमरी कार्डवर सतत लिहीत राहिलं की ते झिजतं.

नवीन घ्यायचंच असेल तर इंटेल एन१०० चा मिनी पीसी. हा प्रोसेसर २०२३ मध्ये आला, ६ वॉटचा आहे आणि त्यात क्विक सिंक नावाचं व्हिडिओसाठीचं खास हार्डवेअर आहे. दुसरा मार्ग म्हणजे ऑफिसांतून निघालेले छोटे सेकंडहँड पीसी. लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा, चालू करून बघा, मगच पैसे द्या.

वीजबिलाचा हिशोब

हा भाग लोक विसरतात. मिनी पीसी आणि एक हार्ड डिस्क मिळून १५ वॉट धरा. १५ वॉट, २४ तास, ३० दिवस, म्हणजे महिन्याला जवळपास ११ युनिट. जुना डेस्कटॉप ७० वॉट खात असेल तर तेच ५० युनिट. हिशोबासाठी युनिटला १० रुपये धरले तर एकीकडे ११०, दुसरीकडे ५०० रुपये. म्हणजे फुकट मिळालेला डेस्कटॉप वर्षाला साडेचार हजारांच्या वर जास्त खातो.

त्यात महावितरणचे टप्पे आहेत: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. तुमचं घर महिन्याला २९० युनिटवर असेल, तर डेस्कटॉपचे वरचे बहुतेक युनिट महागड्या टप्प्यात पडतील. आधी तुमचं बिल काढून बघा, मग मशीन ठरवा.

डिस्क आणि आकडे

१ टीबीची डिस्क लावली की विंडोज ९३१ जीबी दाखवतं. दुकानदाराने गंडवलेलं नसतं. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ ने मोजतं, एवढाच फरक. चार जणांच्या घराला फोटो-व्हिडिओसाठी ४ टीबी बरीच वर्षं पुरते. ऑपरेटिंग सिस्टिम छोट्या एसएसडीवर, बाकी डेटा हार्ड डिस्कवर.

सर्व्हर राउटरला वायरने जोडा, वायफायने नको. आणि राउटरच्या सेटिंगमध्ये त्याला कायमचा आयपी पत्ता देऊन टाका, नाहीतर दर रीस्टार्टनंतर 'सर्व्हर सापडत नाही' अशी घरातून ओरड सुरू होईल. वायरचा फायदा आकड्यात सांगतो. १०० जीबीचे फोटो ३० एमबीपीएसच्या कनेक्शनवरून क्लाउडवर चढवायला साडेसात तासांच्या आसपास लागतात. घरातल्या घरात, गिगाबिट वायरने लॅपटॉपमधून सर्व्हरवर टाकायला साधारण पंधरा-वीस मिनिटं.

व्हिडिओ अडकतो तेव्हा काय होत असतं?

समजा फाइल तुमच्या टीव्हीला जशीच्या तशी समजते. मग सर्व्हर फक्त पातेल्यातून ताटात वाढतो. याला डायरेक्ट प्ले म्हणतात, साधा जुना लॅपटॉपही हे आरामात करतो. पण टीव्हीला तो फॉरमॅट कळत नसेल किंवा नेट हळू असेल, तर सर्व्हरला तोच पदार्थ नव्याने शिजवून द्यावा लागतो, आणि तोही प्रत्येक सेकंदाला. हे ट्रान्सकोडिंग. इथे प्रोसेसर घामाघूम होतो आणि चित्र अडकतं. क्विक सिंकचा उपयोग नेमका इथे होतो. जेलीफिनच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशन चालू करायला विसरू नका, ते आपोआप होईलच असं नाही.

ठेवायचं काय? टेलिग्रामवरून ओढलेला नवा सिनेमा घरच्या डिस्कवर टाकला म्हणून तो आपला होत नाही. आपलं असं खूप आहे. आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आधी डिजिटल करून घ्या, कारण टेप दरवर्षी थोडी खराब होत असते. शाळेचं गॅदरिंग, सोसायटीचा गणपती, आजोबांनी सांगितलेल्या गोष्टींचं रेकॉर्डिंग. आणि कायद्यानुसार सिनेमावरचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. त्यामुळे फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' (त्याचा काही भागच उरलाय) किंवा प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' केव्हाच त्या मुदतीबाहेर गेलेत.

घराबाहेरून कसं उघडायचं?

इथे बहुतेक जण अडकतात, आणि दोष त्यांचा नसतो. आयपीव्ही४ चे पत्ते कमी पडतात म्हणून बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीचा पत्ता एकच, कुरिअरवाला गेटवर आलाय, पण पार्सलवर फ्लॅट नंबर नाही. वॉचमन कुणाकडे पाठवणार? ओळखायचं कसं, तर राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये कुठे सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. मग यूट्यूबवर सांगतात तसं पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी चालणार नाही.

उपाय म्हणजे टेलस्केल. सर्व्हरवर आणि फोनवर ॲप टाका, एकाच खात्याने लॉगिन करा, दोघांमध्ये खाजगी बोगदा तयार होतो. आत वायरगार्ड नावाचं तंत्र आहे, जे २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. घरगुती वापराला फुकट.

तुमच्याकडे स्वतःचा पब्लिक आयपी असला तरी सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटवर उघड्या असलेल्या घरगुती स्टोरेज पेट्यांवर हल्ला केला. फाइल कुलूपबंद, आणि चावीसाठी ०.०३ बिटकॉइनची मागणी. बळी पडलेल्यांत साधी घरंही होती. चोर दार हलवून बघतो, आत कोण राहतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

पाऊस, वीज आणि बॅकअप

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती, आठवतंय? लिहीत असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते. राउटर आणि सर्व्हर दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवा. आपल्याकडची दमट हवाही लक्षात घ्या. मशीन बंद कपाटात कोंबू नका, खिडकीखाली नको आणि जमिनीवर तर नकोच. तळमजल्यावर राहत असाल तर २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणाऱ्या रेडला लोक बॅकअप समजतात. रेडमुळे एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, इतकंच. चुकून अल्बम डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. बॅकअपचा नियम ३-२-१: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. एक प्रत सर्व्हरवर. दुसरी एक्स्टर्नल डिस्कवर, आठवड्यातून एकदा जोडायची आणि काढून ठेवायची. तिसरी गावी. गणपतीला जाताना एक डिस्क घेऊन जायची, तिथली जुनी परत आणायची. गाव नसेल तर ताईकडे, मित्राकडे. आणि हो, मोजके अनमोल फोटो क्लाउडवरही राहू द्या. क्लाउडशी भांडण नाहीये आपलं, फक्त एकमेव प्रत तिथे नको.

दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून एक फाइल परत काढून उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

आपण नसलो तर?

हा प्रश्न मला माझ्या बहिणीने विचारला. "तू ऑनसाइट गेलास आणि हे बंद पडलं, तर आम्ही काय करायचं?" बरोबर होतं तिचं. फोटो सगळ्या घराचे आणि चावी एकाच्या खिशात, हे योग्य नाही. म्हणून सर्व्हरच्या बाजूला आता एक कागद आहे. कुठलं बटण किती वेळ दाबायचं, पासवर्ड कुठल्या वहीत आहे, एक्स्टर्नल डिस्क लॅपटॉपला लावून फोटो थेट कसे उघडायचे, सगळं मराठीत. बाबांना तो कागद देऊन मी एकदा बाहेर जाऊन बसलो. वीस मिनिटांत त्यांनी फोटो उघडले. सेटअप खरा पूर्ण झाला तो त्या दिवशी.

महिन्यातून एक तास अपडेटला द्यायचा कंटाळा असेल, तर सर्व्हरच्या फंदात पडू नका. दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या, एक घरी आणि एक नातेवाइकांकडे ठेवा. तेही बहुतेक घरांपेक्षा चांगलंच आहे. सर्व्हर करायचा असेल तर एकदम सगळं नको. या शनिवारी फक्त इमिच आणि आईचा फोन. महिनाभर नीट चाललं की जेलीफिन.

पुढच्या भागात हाच कागद कसा लिहायचा आणि जुन्या कॅसेट घरी डिजिटल कशा करायच्या, ते बोलू. तोवर घरातल्या एका तरी फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा. भेटू!